कंट्रोलर आणि मेनूचा त्रास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला माझं छोटं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, टीव्हीचे रिमोट सगळं येतं, पण अलीकडे गेमचे कंट्रोलर जास्त येतात. पोरं त्यालाही रिमोटच म्हणतात. आणणारा माणूस बहुतेक वेळा आधी स्वतःला दोष देतो. "पोराच्या हातून पडला असंल," नाहीतर "मलाच जमंना झालंय." हे ऐकून मला वाईट वाटतं, कारण पुष्कळदा त्या माणसाची चूक नसतेच. आतला पार्ट झिजलेला असतो, नाहीतर मेनू बनवणाऱ्याने समोर कोण बसणार आहे याचा विचार केलेला नसतो. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मी काहीच हलवत नाही, तरी मेनूतली निवड आपोआप खाली पळते. कंट्रोलर गेला का?

गेला नाही. याला ड्रिफ्ट म्हणतात आणि सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच येतात.

कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या दोन छोट्या दांड्या असतात, त्या स्टिक. प्रत्येक स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. त्यात कार्बनचा पातळ थर असतो आणि त्याच्यावरून एक बारीक पत्रा घासत जातो. पत्रा कुठे टेकलाय त्यावरून व्होल्टेज बदलतं आणि स्टिक कुठे आहे ते गेमला कळतं. घासून घासून थर उडतो. स्टिक सगळ्यात जास्त वेळ मधल्या भागातच खेळते, त्यामुळे झीजही तिथेच जास्त होते. मग स्टिक सरळ उभी असली तरी आतून निरोप जातो, "थोडी खाली आहे."

मिरजेच्या सतारमेकरांकडे कधी गेला असाल तर हे लगेच समजेल. तंबोऱ्याच्या घोडीवर तार वर्षानुवर्षं घासते, तिथे चर पडतात, आवाज बसतो. मग कारागीर ती घोडी पुन्हा घासून जवारी काढतो. वाजवणाऱ्याला कुणी म्हणत नाही की तुझा हात बिघडला. कंट्रोलरचंही तसंच आहे, फक्त कार्बनचा थर परत घासून बसवता येत नाही, बदलावा लागतो.

खेळताना थोडा ड्रिफ्ट लक्षातही येत नाही, कॅमेरा सावकाश सरकतो एवढंच. मेनूत मात्र ठरावीक उंबरठा ओलांडला की निवड एक पूर्ण घर पुढे जाते, आणि तिथेच अडकून राहिली तर पळतच सुटते. म्हणून लोकांना ड्रिफ्ट पहिल्यांदा दिसतो तो मेनूत.

ड्रिफ्टच आहे हे घरी कसं तपासायचं?

कॉम्प्युटर असेल तर कंट्रोलर केबलने जोडा. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, चौकटीत जॉय, मग टिंब, मग सीपीएल असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि एंटर करा. कंट्रोलरचं नाव दिसेल, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. एका चौकोनात अधिकचं चिन्ह दिसेल. हात काढून घ्या आणि बघा. चिन्ह मधोमध शांत उभं राहिलं तर स्टिक चांगली आहे. बाजूला सरकून बसलं किंवा थरथरत राहिलं तर ड्रिफ्ट आहे. स्टिक गोल फिरवून सोडा, असं चार-पाच वेळा करा. दरवेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर आतली स्प्रिंगही ढिली झाली आहे.

कॉम्प्युटर नसेल तर एक साधी गोष्ट करा. ज्या मेनूत निवड पळते तिथे स्टिकला हात न लावता फक्त बाणांच्या बटणांनी वर जायचा प्रयत्न करा. तुम्ही वर न्याल आणि ती लगेच खाली येईल, तर दोष स्टिकचा.

डेडझोन म्हणजे काय? किती ठेवावा?

मधल्या भागातली जी हालचाल गेमने धरायचीच नाही असं ठरवलेलं असतं, तो डेडझोन. स्टिक पूर्ण ढकलली की एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचा टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, म्हणजे कन्सोल) जातीच्या कंट्रोलरचा आकडा 32767 पर्यंत जातो. मायक्रोसॉफ्टने गेम बनवणाऱ्यांना सुचवलेला डेडझोन डाव्या स्टिकसाठी 7849 आणि उजवीसाठी 8689 आहे, म्हणजे जवळजवळ पाव भाग. पण तो पाळायचा की नाही हे प्रत्येक गेमवाला आपापलं ठरवतो. त्यामुळे तोच कंट्रोलर एका गेममध्ये गुणी आणि दुसऱ्यात वेडा वाटतो.

सेटिंगमध्ये सोय असेल तर शून्यापासून सुरू करा, थोडं थोडं वाढवा आणि निवड पळायची थांबली की तिथेच थांबा. उगाच जास्त वाढवलात तर स्टिक जड वाटते, नेम धरताना हात अडखळतो. स्टीमवरून (कॉम्प्युटरवर गेम विकत घेऊन खेळायचं ॲप) खेळत असाल तर डेडझोन स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्येही लावता येतो, आणि ज्या गेममध्ये ही सोयच दिलेली नाही तिथे तोच उपाय.

साफ करून ड्रिफ्ट जातो का?

घाणीमुळे असेल तर जातो, झिजेमुळे असेल तर चार दिवस जाऊन परत येतो. आपल्याकडे खेळता खेळता भडंग खायची सवय आहे. तेल, तिखट आणि शेंगदाण्याची साल स्टिकच्या फटीतून आत उतरते. उघडल्यावर मला आत लाल तेलकट थर दिसतो. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन स्टिकच्या बुडाशी फिरवा, स्टिक गोल गोल फिरवा, पूर्ण वाळू द्या. घरातलं सेंट, रॉकेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारू नका. स्प्रेचं तेल आत राहतं, त्याला धूळ चिकटते आणि जे दुरुस्त झालं असतं तेही हातचं जातं.

स्टिक बदलावी की नवाच घ्यावा?

बाकी कंट्रोलर चांगला असेल तर स्टिक बदला. हे मी धंदा म्हणून सांगत नाही. एका झिजलेल्या पार्टसाठी चांगली बॅटरी, चांगली बटणं, चांगली मोटर कचऱ्यात जाताना बघवत नाही.

नेहमीच्या कंट्रोलरमध्ये एका स्टिकचे 14 सोल्डरचे टाके असतात आणि ते सगळे बोर्डाचा पट्टा न उखडता काढावे लागतात. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर घरी करू नका. बदलतानाच हॉल इफेक्टची स्टिक मागा. तिच्यात लोहचुंबक आणि सेन्सर असतात, काहीच घासत नाही, त्यामुळे या प्रकारची झीज होत नाही. हे तंत्र नवीनही नाही. सेगा कंपनीने 1998 च्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्येच हॉल सेन्सर वापरले होते. अलीकडे टीएमआर नावाच्या चुंबकी स्टिकही मिळतात, त्या वीज कमी खातात. मात्र नवी स्टिक बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य कुठे आहे ते कंट्रोलरला नव्याने शिकवणं, करून घ्या. ते न करता हातात दिलेला कंट्रोलर पहिल्याच दिवशी तिरका चालतो आणि लोकांना वाटतं नवी स्टिकच खराब निघाली.

ओके करायला नक्की कुठलं बटण? एका गेममध्ये फुली, दुसऱ्यात गोळा. डोकं फिरतं.

तुमचं डोकं ठीक आहे, गोंधळ तीस वर्षांचा आहे.

सोनीचं पहिलं प्लेस्टेशन 1994 मध्ये जपानमध्ये आलं. त्याच्या बटणांची चिन्हं तेइयू गोतो यांनी ठरवली आणि त्यांच्या मनात गोळा म्हणजे हो, फुली म्हणजे नाही असं होतं. जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोळा करतात आणि चुकीला फुली. आपल्याकडेही मास्तर लाल शाईने फुली मारतात ती चुकीलाच. पण अमेरिका-युरोपसाठी गेम तयार होताना फुली म्हणजे हो झालं, आणि आपल्याकडे तीच पद्धत आली. पुढे 2020 मध्ये प्लेस्टेशन 5 आलं तेव्हा जपानमध्येही फुलीच हो झाली. म्हणजे जुना जपानी गेम लावलात तर गोळा, नवा लावलात तर फुली.

निन्टेन्डो कंपनीचं तिसरंच. त्यांच्याकडे ए उजवीकडे आणि बी खाली, एक्सबॉक्समध्ये ए खाली आणि बी उजवीकडे. एक्स आणि वायसुद्धा अदलाबदल झालेले. त्यांच्या स्विच कन्सोलचा कंट्रोलर कॉम्प्युटरला लावून खेळलात की प्रत्येक 'हो' हा 'मागे' होतो. स्टीममध्ये कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये निन्टेन्डोची बटण मांडणी वापरायचा पर्याय आहे, तो चालू-बंद करून कुठला तुमच्या हाताला बसतो ते बघा.

माझं स्पष्ट मत आहे की 'हो' आणि 'नाही' ही दोन बटणं प्रत्येक गेममध्ये बदलता आली पाहिजेत. बाकी सगळी बटणं बदलू देतात आणि मेनूतली हीच दोन तेवढी कुलूपबंद ठेवतात, हे मला कधीच पटलं नाही.

स्क्रीनवर एक्स दाबा म्हणतं. मी दाबतो तर दुसरंच होतं.

सोनीच्या कंट्रोलरवर फुली खाली आहे, एक्सबॉक्सवर एक्स हे अक्षर डावीकडे आहे. कॉम्प्युटरवरचे बरेच गेम कुठलाही कंट्रोलर लावला तरी एक्सबॉक्सचीच चिन्हं दाखवतात. सेटिंगमध्ये बटणांची चिन्हं बदलायचा पर्याय शोधा. नसेल तर एकच लक्षात ठेवा: अक्षर वाचू नका, जागा बघा. एक्स म्हणजे डावीकडचं, ए म्हणजे खालचं, वाय वरचं, बी उजवीकडचं. लहान मुलांना शिकवताना मी चार रंगांच्या टिकल्या चिकटवून देतो, दोन दिवसांत हात बसतो.

काही गेममध्ये मेनूत माऊससारखा बाण स्टिकने ओढत न्यावा लागतो. हे सोपं कसं करायचं?

हे मला मनापासून आवडत नाही. 2014 च्या डेस्टिनी या गेमपासून ही पद्धत फार पसरली. मेनू एकदाच करायचा आणि तो माऊसवरही चालावा, कंट्रोलरवरही, अशी त्यामागे सोय आहे. डेस्टिनीवाल्यांनी निदान बटणाजवळ बाण हळू होईल अशी काळजी घेतली होती. नक्कल करणाऱ्यांनी ती घेतली नाही, आणि मग बारीक चौकटीवर बाण आणताना तो दरवेळी पुढे निसटतो. भरीला काही गेम बटण दाबून धरायला लावतात, गोल भरेपर्यंत. दहा वस्तू विकायच्या म्हणजे दहा वेळा वाट बघायची.

बाणांचं चौकडी बटण मेनूसाठी यापेक्षा कितीतरी चांगलं. गुनपेई योकोई यांनी ते 1982 मध्ये निन्टेन्डोच्या हातातल्या छोट्या गेमसाठी केलं. एकदा दाबलं की एक घर, अंगठ्याला न बघता कळतं. तर आधी तेच दाबून बघा, पुष्कळ गेममध्ये ते चालतं पण कुठे लिहिलेलं नसतं. नाही चाललं तर सेटिंगमध्ये कर्सरचा वेग कमी करा आणि 'दाबून धरा'च्या जागी 'एकदा दाबा' असा पर्याय सुलभतेच्या (इंग्रजीत अॅक्सेसिबिलिटी) पानावर शोधा.

एकदा दाबलं की दोन घरं पुढे जातं.

तीन कारणं. पहिलं फक्त कॉम्प्युटरवर: स्टीम आणि गेम दोघंही तोच कंट्रोलर वेगवेगळा वाचतात, प्रत्येक दाब दोनदा मोजला जातो. त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन स्टीम इनपुट बंद करा. दुसरं, स्टिक झटक्यात सोडली की ती मध्ये थांबण्याआधी उलट बाजूला जाऊन येते आणि गेमला ते दुसरं ढकलणं वाटतं. मेनूत स्टिक सोडून बाणांची बटणं वापरा. तिसरं, बटणाखालचं रबर चिरलं किंवा चिकट झालं. ते साफ करावं लागतं किंवा बदलावं लागतं.

टीव्हीवर बटण दाबल्यावर उशिरा हलतं.

कंट्रोलर सोडा, टीव्हीचं पिक्चर मोड बघा. चित्र सुंदर करायला टीव्ही प्रत्येक फ्रेमवर काम करत बसतो. गेम मोड लावलात की ते थांबतं. त्याने फरक नाही पडला तर केबलने खेळून बघा.

केबल लावली की चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही.

ती फक्त चार्जिंगची केबल आहे, आत डेटाच्या तारा नाहीत. दुसरी लावा.

ब्लूटूथला सापडतच नाही.

सोनीचा असेल तर शेअर किंवा क्रिएटचं बारीक बटण आणि मधलं पीएस बटण एकत्र धरून ठेवा, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत. नुसतं पीएस बटण दाबलं तर तो जुन्या कन्सोललाच हाक मारतो. एक्सबॉक्सचा असेल तर वरच्या कडेला केबलच्या भोकाजवळ जोडणीचं बटण आहे, ते धरा. पण 2013 चा पहिला एक्सबॉक्स वन कंट्रोलर ब्लूटूथवाला नाही. ओळखायचा कसा? मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लास्टिक वरच्या चकचकीत पट्टीचाच भाग असेल तर ब्लूटूथ नाही. पुढच्या मोठ्या कव्हरचा भाग असेल तर आहे.

नाव किंवा पासवर्ड टाकताना एकेक अक्षर शोधून जीव जातो.

प्लेस्टेशनवर चौकोन म्हणजे खोडणे, त्रिकोण म्हणजे जागा सोडणे, आर-टू म्हणजे झालं. एक्सबॉक्सवर एक्स खोडतं, वाय जागा सोडतं, मेनू बटण म्हणजे झालं. एवढ्याने निम्मा त्रास कमी होतो. आणि घरात साधा यूएसबी कीबोर्ड असेल तर कन्सोलला लावा, टाइप करायला चालतो.

घरातल्या मोठ्या माणसांना खेळायचंय, पण ती मेनूतच अडकतात. कसं शिकवू?

या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

माझी आत्या तासगावची. द्राक्षाच्या बागेत तिने आयुष्य काढलं. घडातले मणी विरळताना तिची कात्री अशी चालते की ठेवायच्या मण्याला धक्का लागत नाही. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली, माझ्या पोराने हौसेने कंट्रोलर तिच्या हातात दिला. स्क्रीनवर इंग्रजीत होतं, कुठलंही बटण दाबा. तिने सगळ्यात मोठं दिसलं ते मधलं बटण दाबलं, आणि गेमच स्क्रीनवरून नाहीसा झाला. पोराने परत आणला. मग दोन ओळी आल्या, एक पांढरी, एक करडी. निवडलेली कुठली? पांढरी की करडी? मलाही क्षणभर कळलं नाही. तिने खालीवर केलं, रंग अदलाबदल झाले, दाबलं. नवा डाव सुरू झाला आणि पोराचा दीड महिन्याचा जुना डाव पुसला गेला.

पोरगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा तिने बघितला. "न्हाई रे बाबा, माझ्या हातात काय पडत न्हाई," म्हणाली आणि कंट्रोलर खाली ठेवला. पुढचे चार दिवस हात लावला नाही. ज्या हातांनी एवढी नाजूक कामं केली ते हात नापास ठरले, कशामुळे, तर दोन रंगांतला फरक कुणी नीट काढला नव्हता. मला अजून त्याचा राग येतो. निवडलेल्या ओळीला चौकट करा, शेजारी बाण ठेवा. लहानपणी कॅसेटच्या टीव्ही गेमवर मारिओ लावला की एक खेळाडू की दोन, यापुढे एक बारकं चिन्ह असायचं. सिलेक्टने ते हलायचं, स्टार्टने डाव सुरू. आजीलाही समजायचं.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो. कन्सोलवर मोठ्या माणसासाठी वेगळं खातं उघडा, म्हणजे कुणाचा डाव पुसायची भीती राहत नाही. ही भीती गेली की शिकणं निम्मं सोपं होतं. मेनू तुम्ही पार करा आणि खेळ सुरू झाल्यावर कंट्रोलर हातात द्या. पहिल्या दिवशी एक स्टिक आणि एकच बटण शिकवा, मेनू चौथ्या दिवशी. बाणांच्या बटणांनीच फिरायला सांगा.

आणि एक सोय फार कमी लोकांना माहीत आहे: एक्सबॉक्सवर 2017 पासून आणि प्लेस्टेशन 5 वर 2023 पासून दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवता येतो. सुलभतेच्या किंवा कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये सापडेल. एक तुमच्या हातात, एक त्यांच्या. ती अडकली की तुम्ही तुमच्या कंट्रोलरवरून मेनू पार करायचा, त्यांच्या हातातून काढून घ्यायची गरज नाही. हातातून काढून घेणं फार लागतं माणसाला. भाऊबीजेला आत्या आणि पोरगा असेच खेळले, गाडी ती चालवत होती आणि ब्रेक तो मारत होता.

एका हाताने खेळता येतं का? हात थरथरत असेल तर?

येतं. एक्सबॉक्सचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर 2018 पासून आहे, त्याला मोठी बटणं, पायाने दाबायचे स्विच बाहेरून जोडता येतात. सोनीचा अॅक्सेस कंट्रोलर 2023 च्या डिसेंबरात आला. पण त्याआधी गेमच्या सुलभता सेटिंग उघडा. द लास्ट ऑफ अस पार्ट टू या 2020 च्या गेममध्ये असे साठाहून जास्त पर्याय होते, मेनू वाचून दाखवणंसुद्धा. म्हणजे हे करता येतं.

पाण्यात भिजला. तांदळात ठेवू का?

नको. पीठ आत जातं. चालू होतो का बघायला बटणही दाबू नका. पेन्सिल सेल असतील तर काढा. 2019 च्या पुरानंतर आणलेल्या कंट्रोलरमध्ये पाण्यापेक्षा गाळाने जास्त नुकसान केलं होतं. वाळल्यावर तो बोर्डावर बसला होता. जितक्या लवकर उघडून अल्कोहोलने धुतला जाईल तितकं बरं.

दुरुस्तीला आणताना सोबत काय आणू?

तुमची नेहमीची केबल आणा. आणि ज्या मेनूत त्रास होतो त्याचा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून आणा, स्क्रीन आणि तुमचा अंगठा दोन्ही दिसतील असा. कंट्रोलर उघडायचा की नुसती सेटिंग बदलायची हे मला त्यातच कळतं, आणि सेटिंगचं काम असेल तर मी पैसे घेत नाही.